बुरशी लागलेली जुनी लेन्स: दुरुस्त करावी की विकावी?

कुठून कुठून ऐकताय? इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर, आणि अर्थातच पुणे-मुंबई-पणजी. तुम्ही कुठेही असा, आजचा प्रश्न तुमच्या घरातल्या एखाद्या कपाटात नक्की पडलेला असणार.

घर आवरताना जुना कॅमेरा सापडतो. कधी तो वडिलांचा असतो, कधी आजोबांचा, कधी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या मामाचा. चामडी केस उघडली की कुबट वास येतो. लेन्स उजेडाकडे धरून पाहिली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पांढरं दिसतं. ती बुरशी. बाजारात तिला सरळ 'फंगस' म्हणतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दुरुस्त करून घेऊ. दुसरा म्हणतो, येईल त्या भावाला विकून मोकळे होऊ. दोघांपैकी कुणीही ती लेन्स नीट पाहिलेली नसते.

म्हणून आज आपण क्रमाने जाऊ. आधी ती बुरशीच आहे का, हे ओळखायचं. मग ती कुठे आहे आणि किती खोल गेली आहे, हे पाहायचं. मग फोटोवर परिणाम होतो का, ते तपासायचं. त्यानंतर पैशाचा हिशेब मांडायचा. आणि शेवटी, पैशात न बसणाऱ्या गोष्टीचं काय करायचं, तेही बोलू.

सुरुवात बुरशीपासून. काचेवर बुरशी वाढते कशी, काच तर निर्जीव? बुरशी काच खात नाही. ती काचेवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा, लेन्सच्या आतल्या ग्रीसची वाफ यांवर जगते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. तुमच्या-माझ्या खोलीत आत्ता आहेत. त्यांना हवा असतो ओलावा. हवेतली सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, जागा अंधारी असली आणि हवा खेळती नसली, की बुरशीचं फावतं. आता आपला पावसाळा आठवा. कोकण, गोवा, मंगळूर, कोलकाता, चेन्नई इथे तर वर्षातले कित्येक महिने असेच जातात. नागपूर-इंदूरकडच्या कोरड्या हवेत धोका कमी, पण चार पावसाळी महिने तिथेही येतातच.

ही बुरशी वाढताना सेंद्रिय आम्लं सोडते. खरं नुकसान त्यांच्यामुळे होतं. काचेवर परावर्तन कमी करणारा अगदी पातळ थर असतो, त्याला कोटिंग म्हणतात. आम्ल आधी हा थर खातं, आणि बरीच वर्षं गेली तर खालच्या काचेलाही चरे पाडतं. म्हणजे बुरशी पुसून निघते, पण तिने खाल्लेलं परत येत नाही. भिंतीवरची वेल उपटली तरी तिच्या मुळ्यांचे वण रंगावर राहतात ना, तसंच. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण दुरुस्त करावी की विकावी, याचा निम्मा निर्णय इथेच होतो.

आता तपासणी. एक चांगला एलईडी टॉर्च घ्या, मोबाइलचाही चालेल. खोलीत अंधार करा. लेन्सवर एफचे आकडे असलेली जी रिंग असते, ती सगळ्यात लहान आकड्यावर आणा, म्हणजे आतली पाती पूर्ण उघडतील. टॉर्च मागून लावा आणि पुढून पाहा, पण सरळ नाही, थोडं तिरकं. मग लेन्स उलटी करून तेच पुन्हा. अशा उजेडात धुळीचा कण न् कण दिसतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. चाळीस-पन्नास वर्षांच्या लेन्समध्ये धूळ असणारच, आणि तिने फोटो बिघडत नाही.

बुरशी ओळखायची खूण म्हणजे तिला फांद्या असतात. बारीक धागे एका ठिकाणाहून फुटत जातात, बर्फाच्या कणासारखे किंवा पानाच्या शिरांसारखे. बहुतेक वेळा ती काचेच्या कडेकडून मध्याकडे येते.

तिच्यासारखे दिसणारे पण वेगळे असे काही दोष आहेत. पहिला म्हणजे धुरकटपणा. आतल्या तेलाची वाफ काचेवर बसून पूर्ण काच धुक्यासारखी दिसते. त्यात धागे नसतात. तो बहुधा साफ करता येतो. दुसरा दोष जोडकाचेचा. जुन्या लेन्समध्ये दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात. पूर्वी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा पारदर्शक डिंक वापरत, नंतर कृत्रिम चिकटद्रव्यं आली. हा डिंक सुटला की कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा चकचकीत डाग दिसतात. ती बुरशी नव्हे, आणि तिची दुरुस्ती फार कठीण. तिसरा म्हणजे काचेच्या कडेचा काळा रंग सुटून पडलेले पांढरे ठिपके. ते दिसायला भयंकर, पण परिणाम जवळजवळ शून्य. आणि चौथा म्हणजे पिवळेपणा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेलं असे. असाही पेंटॅक्सच्या काही ताकुमार लेन्स त्यासाठी प्रसिद्ध आहेत. ती काच काळाबरोबर पिवळी पडते. हा पिवळेपणा अतिनील प्रकाशात ठेवला की बराच कमी होतो.

इथेच एक मोठा गोंधळ झालेला आहे. पिवळेपणा अतिनील प्रकाशाने जातो, म्हणून लोक समजतात की बुरशीही उन्हाने जाईल. आपल्याकडे तर ऊन दाखवणं हा सगळ्यावरचा उपाय. गाद्यांना ऊन, पापडांना ऊन, लोणच्याच्या बरणीला ऊन. लेन्सला मात्र नको. एक तर, जंतू मारणारे अतिनील किरण काचेतून पलीकडे जातच नाहीत. आतल्या काचांवरच्या बुरशीपर्यंत ते पोचणार कसे? दुसरं, बुरशी मेली तरी धागे तिथेच राहतात. तिसरं, उष्णतेने ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं: लेन्स म्हणजे भिंग. खिडकीत उन्हात ठेवलेल्या भिंगाने पडदा पेटू शकतो. तसंच तांदळाच्या डब्यात लेन्स पुरून ठेवणंही सोडा. त्याने बुरशी जात नाही, वर तांदळाचं पीठ आत शिरतं, आणि ते बुरशीचं आवडतं जेवण.

बरं, बुरशीच आहे हे ठरलं. आता कुठे आहे? मी तीन पायऱ्या मानतो.

पहिली पायरी: सगळ्यात पुढच्या किंवा सगळ्यात मागच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला. हे भाग्य. लेन्स न उघडता साफ होतं.

दुसरी पायरी: आतल्या, पण सुट्या काचांवर. म्हणजे जिथे दोन काचांमध्ये हवा आहे. लेन्स उघडावी लागते, पण जाणत्या माणसाला हे रोजचं काम आहे.

तिसरी पायरी: चिकटवलेल्या जोडकाचेच्या मधोमध. इथे कापड पोचू शकत नाही. काचा सोडवून, साफ करून, पुन्हा अचूक मध्य साधून चिकटवाव्या लागतात. साध्या लेन्ससाठी हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जागेइतकंच वय महत्त्वाचं. ताजी बुरशी पुसली की काच स्वच्छ निघते. वीस वर्षांची बुरशी पुसली की जाळ्याची छाप मागे राहण्याची शक्यता मोठी. साफ करण्याआधी ती छाप किती असेल, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. जो मेकॅनिक लेन्स न उघडता 'शंभर टक्के नवी करून देतो' म्हणतो, त्याला नमस्कार करून निघा.

आता तिसरा भाग, फोटोची परीक्षा. ही बहुतेक लोक करतच नाहीत. काचेकडे बघून निर्णय घेतात. अहो, लेन्स बघायची वस्तू नाही, तिच्यातून बघायची वस्तू आहे. पुढच्या काचेवरच्या थोड्याशा बुरशीचा फोटोवर आश्चर्य वाटावं इतका कमी परिणाम होतो. तेच डाग मागच्या काचेवर असतील तर परिणाम जास्त, कारण तिथे प्रकाशाचा झोत अरुंद झालेला असतो.

चार फोटो काढा. एक, दिवसा सावलीत, प्रकाश तुमच्या पाठीमागे. दोन, खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा, म्हणजे प्रकाशाच्या विरुद्ध. तीन, रात्री रस्त्याचा दिवा कोपऱ्यात ठेवून. चार, लांबचे दिवे मुद्दाम धूसर करून. त्या गोल ठिपक्यांमध्ये बुरशीचं जाळं कधी कधी हुबेहूब उमटतं. शक्य असेल तर दुसरा फोटो एफ २ ला आणि एफ ११ किंवा १६ ला असा दोनदा घ्या. पहिला फोटो चांगला आणि बाकीचे पांढुरके, काळा रंग राखाडी झालेला, असं दिसलं तर समजा की कॉन्ट्रास्ट गेला. चारही बरे आले तर तुमची लेन्स आजारी दिसते, पण कामाला चालते.

पण हे फोटो काढायचे कशावर? इथे लेन्सची ओळख लागते. मी उदाहरण म्हणून एकच लेन्स घेतो, कारण ती भारतात पुष्कळ सापडते: हेलिओस ४४-२. सोव्हिएत संघात बनलेली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर आलेली, ५८ एमएम, एफ २. जर्मनीच्या त्साइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून तिची रचना घेतली आहे. आत चार गटांत सहा काचा. पुढे एक सुटी काच, मग एक जोडकाच, मधे पाती, मग दुसरी जोडकाच, शेवटी एक सुटी काच. म्हणजे बुरशीला बसायला सुट्या बाजू भरपूर, आणि त्या साफ करता येतात. धोका फक्त त्या दोन जोडकाचांचा. पुढच्या रिंगवर क्रमांक असतो, आणि त्याचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा उत्पादनाचं वर्ष सांगतात. ७८ ने सुरू झाला तर १९७८ ची.

ही लेन्स बसते ४२ एमएमच्या चुडीवर, तिला एम ४२ म्हणतात. ही चुडी म्हणजे बाटलीच्या झाकणासारखं फिरवून बसवायचं माउंट. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर, मग तो सोनी असो, फुजी असो, कॅनन किंवा निकॉन, साध्या रिकाम्या अ‍ॅडॉप्टरने ती बसते. कॅननच्या जुन्या डीएसएलआरवरही बसते. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र अडचण. एम ४२ लेन्स सेन्सरपासून ४५.४६ एमएम अंतरावर हवी आणि निकॉनच्या एफ माउंटचं स्वतःचं अंतरच ४६.५ एमएम. त्यामुळे मधे काच घातलेला अ‍ॅडॉप्टर घेतला नाही तर लांबचं काही फोकस होत नाही. हे सांगतोय कारण कित्येक लोक साध्या अ‍ॅडॉप्टरने निकॉनवर लावून पाहतात, सगळं धूसर येतं, आणि दोष बुरशीला देतात.

आता दुरुस्ती म्हणजे नेमकं काय होतं? मेकॅनिक लेन्सची पुढची रिंग रबराच्या साधनाने फिरवून काढतो. आतल्या रिंगांना दोन खाचा असतात, त्यात स्पॅनरची टोकं बसवून त्या सोडवतो. प्रत्येक काच कोणत्या बाजूने होती याची खूण करतो. काच साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बुरशीसाठी बरेच जण हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया यांचं सौम्य मिश्रण वापरतात. मग लेन्सच्या कागदाने पुसून, धूळ झटकून, परत जुळणी. शेवटी अनंतावरचा फोकस तपासतो.

घरी करावं का? बाहेरची काच, हो. ब्लोअरने धूळ उडवा, मगच मऊ कागदाला थेंबभर अल्कोहोल लावून मध्यापासून कडेकडे पुसा. लेन्सवर थेट थेंब टाकू नका, तो कडेने आत जातो. आतल्या काचांचं मात्र असं आहे, की लेन्स तुमच्यासाठी निरुपयोगी झाली तरी चालणार असेल, तरच हात घाला. घसरलेल्या स्पॅनरचा ओरखडा बुरशीपेक्षा वाईट, कारण तो कशानेच जात नाही. आणि अमोनिया वापरणार असाल तर खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत, आणि घरातलं ब्लीच त्याच्या जवळपासही नको. त्या दोघांच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

मेकॅनिक अजूनही आहेत. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार, दिल्लीत चांदणी चौकातलं कूचा चौधरी मार्केट, कोलकात्याची मेट्रो गल्ली, इथे कॅमेऱ्यांच्या दुकानांत चौकशी केली की हात चालणारा माणूस सापडतो. तुमच्या शहरातल्या जुन्या स्टुडिओवाल्याला विचारा, त्याचा माणूस ठरलेला असतो. जाताना चार प्रश्न घेऊन जा. अशी लेन्स आधी उघडली आहे का? उघडल्यावर जोडकाचेत बुरशी निघाली तर पुढे जाण्याआधी फोन कराल का? छाप राहिली तरी मजुरी तीच का? आणि पात्यांना तेल लागलेलं असेल तर तेही यातच करणार का? चौथा प्रश्न पैसे वाचवतो, कारण लेन्स एकदाच उघडायची असते.

आता हिशेब. आकडे मी समजुतीसाठी घेतोय, तुमच्या शहरातले आणि तुमच्या लेन्सचे तुम्ही घाला. चार आकडे लागतात: स्वच्छ लेन्सची किंमत, आहे तशी विकली तर येणारी किंमत, दुरुस्तीची मजुरी, आणि साफ करूनही छाप राहिली तर येणारी किंमत.

समजा स्वच्छ लेन्स सहा हजारांना जाते. बुरशीसकट दोन हजारांना. मजुरी अडीच हजार. छाप राहिली तर तीन हजार. स्वच्छ निघण्याची आणि छाप राहण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरू. सहा आणि तीन यांची सरासरी साडेचार हजार. त्यातून मजुरी अडीच वजा. उरले दोन हजार. म्हणजे आहे तशी विकून जे मिळत होतं तेच! वर तुमच्या दोन खेपा, आणि जोखीम. म्हणून साधी, मुबलक सापडणारी लेन्स विकण्यासाठी म्हणून दुरुस्त करण्यात बहुधा अर्थ नसतो.

आता महाग लेन्स धरा. स्वच्छ चाळीस हजार, बुरशीसकट पंधरा, छाप राहिली तर बावीस, मजुरी पाच. सरासरी एकतीस, वजा पाच, उरले सव्वीस. पंधरापेक्षा अकरा हजार जास्त. इथे दुरुस्ती करून विकणं शहाणपणाचं. मजुरी लेन्सच्या किमतीच्या प्रमाणात वाढत नाही, किंमत मात्र वाढते. म्हणून महाग लेन्सला दुरुस्ती परवडते.

आणि स्वतः वापरायची असेल तर तुलना तिसरीच. जुनी दोन हजारांना विकून सहा हजारांची स्वच्छ घेतली, तर खिशातून चार हजार गेले. दुरुस्तीला अडीच. इथे दुरुस्ती स्वस्त, पण छाप राहण्याची तयारी हवी. आणि चार फोटोंची परीक्षा पास झालेली असेल, तर चौथा रस्ताही आहे: काहीच करू नका. वापरा. बुरशीची वाढ थांबवा आणि वापरा. उन्हाविरुद्ध फोटो काढताना लेन्सला हूड लावा, एवढंच.

एवढा वेळ मी वडिलांची लेन्स आणि दुकानातली लेन्स यांना एकाच तराजूत घातलं. पण तुमच्यापैकी अनेकांचा खरा प्रश्न तिथे नसतोच. हैदराबादला राहणाऱ्या एका ताईंनी मला हाच प्रश्न विचारला होता. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव नको म्हणाल्या. वडील रत्नागिरीला शाळेत शिक्षक होते. झेनिट कॅमेरा आणि हीच हेलिओस लेन्स. शाळेच्या सहली, गावातली लग्नं, सगळे फोटो त्यांनी तिच्यावर काढले. ते गेल्यावर कॅमेरा लोखंडी कपाटात चामडी केसमध्ये वर्षानुवर्षं राहिला. रत्नागिरीच्या हवेत! दादा म्हणाला, विकून टाकू. ताई म्हणाल्या, बाबांची वस्तू आहे, मी विकू देणार नाही. आणि यावरून बहीण-भावांत दोन महिने अबोला.

मी त्यांना आधी टॉर्चचे फोटो पाठवायला सांगितले. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला आणि तिच्या मागच्या काचेवर, कडेकडून आलेली बुरशी. मागची बाजू स्वच्छ. जोडकाचेत काही दिसत नव्हतं. म्हणजे दुसरी पायरी. त्यांच्या मुलीच्या मैत्रिणीकडे मिररलेस कॅमेरा होता, त्यावर अ‍ॅडॉप्टर लावून फोटो काढले. सावलीत उत्तम, खिडकीसमोर पांढुरके. हिशेब मांडला तर विकण्यासाठी दुरुस्त करण्यात फायदा शून्य.

मग मी एकच विचारलं. तुमच्या दादाला पैसे हवेत का? त्यांनी फोन केला. इतक्या दिवसांनी पहिला. दादा म्हणाला, "पैशाचं काय घेऊन बसलीस. बाबा रोज पुसायचे तो कॅमेरा. कपाटात सडताना बघवत नाही, म्हणून म्हटलं कुणाच्या तरी हातात जाऊ दे."

बघा, दोघांचं म्हणणं एकच होतं. एकीला ती घराबाहेर जायला नको होती, दुसऱ्याला ती पडून राहायला नको होती. तेव्हा विकण्याचा प्रश्न उरलाच नाही. दुरुस्तीची मजुरी ही मग गुंतवणूक राहत नाही, तो वापरण्याचा खर्च होतो. घड्याळाला सेल घालताना आपण नफा बघतो का? हैदराबादच्याच मेकॅनिककडून लेन्स साफ झाली. कडेला फिकट छाप राहिली आहे, फोटोत दिसत नाही. लेन्स आता भाचीकडे आहे, आणि मामाची अट अशी की महिन्याला निदान एक फोटो त्याला पाठवायचा.

मी असं म्हणत नाही की वडिलांची प्रत्येक वस्तू ठेवलीच पाहिजे. वापरणारं कुणी नसेल तर भावनेने ठेवलेली लेन्स पुन्हा त्याच कपाटात जाते आणि पाच वर्षांनी उरलेली काचही जाते. अशा वेळी विका, किंवा फोटोग्राफी शिकणाऱ्या एखाद्या पोराला देऊन टाका. तेही बरंच.

विकायचं ठरलं, तर कसं विकायचं? खरं सांगून. हे मी फक्त नीतीचं म्हणून सांगत नाही, व्यवहाराचंही आहे. जुन्या लेन्स घेणारा माणूस टॉर्च लावतोच. त्याला घरी पोचल्यावर बुरशी दिसली तर माल परत, पैसे परत, वाद वेगळा. म्हणून टॉर्च लावून काढलेला, बुरशी स्पष्ट दिसणारा फोटो सगळ्यात आधी द्या. कोणत्या काचेवर, कडेला की मध्ये, हे लिहा. त्या लेन्सने काढलेले दोन फोटो द्या, एक सावलीतला आणि एक उजेडाविरुद्धचा. पाती मोकळी चालतात का, फोकसची रिंग जड आहे का, तेही लिहा. 'फोटोवर काहीही परिणाम नाही' हे वाक्य तुम्ही स्वतः तपासलं असेल तरच लिहा. इतकं खरं सांगितलं की घेणाराही घासाघीस कमी करतो, कारण त्याला दडलेल्या भीतीची किंमत कापून घ्यावी लागत नाही. आणि हो, दुरुस्त केलेली असेल तर तेही सांगा. 'कधीच न उघडलेली' म्हणून विकू नका.

शेवटचं, ठेवायचं कसं. बुरशी गेलेली लेन्स जुन्या केसमध्ये परत ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि बीजाणूंचं माहेर तेच आहे. आठवण म्हणून केस ठेवायची असेल तर वेगळ्या खोलीत. लेन्ससाठी हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली की झालं. फार कोरडंही नको. सिलिका जेलचा रंग बदलला की ते ओलाव्याने भरलं असं समजायचं. मंद आचेवर तापवून कोरडं केलं की पुन्हा वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं त्याला वापरू नका. लेन्स चार-पाचांपेक्षा जास्त असतील आणि तुम्ही किनाऱ्यालगत राहत असाल, तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घेण्याचा विचार करा. आणि बुरशी असलेली लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. बीजाणू हवेत असतातच हे खरं, पण जाणूनबुजून शेजार कशाला द्यायचा?

सगळ्यात स्वस्त औषध मात्र वापर हेच आहे. दर पंधरा दिवसांनी बाहेर काढलेल्या, उजेड-वारा लागलेल्या, हाताळलेल्या आणि कोरड्या जागी परत ठेवलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

तेव्हा मंडळी, आज रात्री एवढंच करा. कपाट उघडा, ती केस बाहेर काढा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च लावा. काय दिसतं ते कागदावर लिहून काढा: कोणती काच, कडेला की मध्ये, धागे की धुकं. मग चार फोटो, मग चार आकडे. आणि घरात दोन मतं असतील, तर हे आकडे मांडण्याआधी एकमेकांना विचारा की नक्की काय हवंय. पुढच्या वेळी आपण जुन्या निगेटिव्ह घरच्या घरी स्कॅन कशा करायच्या, ते पाहू. नमस्कार.